दोनशे सतरा नंबरचा फॉर्म

कॉलेजात त्यांना सगळे चौऱ्याण्णवबाई म्हणत. तोंडावर नुसतं बाई, पाठ फिरली की चौऱ्याण्णवबाई. बाईंना ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना रागही नव्हता. एखाद्याला बापाचं नाव मिळतं, एखादीला नवऱ्याचं. यांना स्वतःच्या योजनेच्या टक्क्यांचं मिळालं होतं, म्हणजे कमाईचंच म्हणायचं.

योजना म्हणजे सोबती योजना. पहिल्या वर्षाला नवीन आलेल्या प्रत्येक मुलामुलीला तिसऱ्या वर्षातला एक सोबती द्यायचा. त्याने वर्ग दाखवायचे, ग्रंथालयाचं कार्ड काढून द्यायचं, कुठल्या सरांना काय विचारलेलं चालतं आणि काय चालत नाही तेही सांगून ठेवायचं. ही कल्पना बाईंनी बारा वर्षांपूर्वी काढली. तेव्हा त्या साध्या टंकलेखक होत्या. पुढे कॉलेजने विद्यार्थी सेवांचं मूल्यमापन करणारं एक टेबल सुरू केलं, टेबल म्हणजे खरोखरच एक टेबल आणि एक कपाट, आणि त्यावर बाईंना बसवलं. वसतिगृह, कॅन्टीन, दवाखाना, नोकरी मार्गदर्शन, सोबती योजना, या सगळ्यांना मुलं किती मार्क देतात ते दरवर्षी मोजायचं आणि अहवाल लिहायचा. आपण जन्माला घातलेल्या लेकराची परीक्षा आपणच घ्यायची, यात काही वावगं आहे असं तेव्हा कुणाला वाटलं नाही. बाईंनाही नाही.

पहिल्या दोन वर्षांत मुलं फॉर्म भरूनच देईनात. शंभरातले वीस परत येत, त्यातल्या चारांवर चित्रं काढलेली असत. मग बाईंनी शक्कल लढवली. फॉर्मवर आधीच रोल नंबर छापायचा आणि तो हॉलतिकिटाला टाचून ठेवायचा. फॉर्म भरून दे, हॉलतिकीट घेऊन जा. झालं! त्या वर्षापासून एकही फॉर्म चुकला नाही. आसपासच्या कॉलेजांतली माणसं ही युक्ती बघायला आली. प्राचार्यांनी सभेत बाईंचं नाव घेतलं. आणि सोबती योजनेला तेव्हापासून दरवर्षी त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, पुन्हा चौऱ्याण्णव टक्के मुलं 'अतिशय समाधानी' निघू लागली. कॅन्टीनला एकतीसच्या वर कधी पडले नाहीत, म्हणून कॅन्टीनवाला बाईंना चहा जरा गारच देई.

फॉर्म मोजताना बाई उजव्या अंगठ्याला रबराची हिरवी टोपी घालत. नोटा मोजणारे घालतात तसली. ती घातली की त्यांचा हात असा चाले की समोरचा बघत राही. मोजताना कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. आकडा चुकला तर परत पहिल्यापासून.

हॉलतिकिटं वाटून झाली की दरवर्षी पन्नासएक फॉर्म उरत. परीक्षा विभाग तिकिटं परत घेई आणि टाचणी काढून फॉर्म बाईंकडे ठेवून जाई. चांगला जाड कागद, मागची बाजू कोरी. फेकायचा जीव होईना. बाई ते घरी नेत, शिवून त्यांची वही करत आणि स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवत. दूधवाल्याचे खाडे, वाण्याची यादी, नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या वेळा, सगळं त्या कोऱ्या बाजूंवर लिहिलं जाई.

घरात तिघंच. बाई, त्यांचा नवरा आणि सासरे. सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णांनी चाळीस वर्षं पोस्टमन म्हणून टपाल वाटलं होतं. आता गुडघे गेले होते, पण वाचायची खोड गेली नव्हती. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, साबणाचं वेष्टन, पुडीचा कागद, समोर येईल ते अण्णा दोन्ही बाजूंनी वाचत.

त्या जानेवारीत घरातलं वातावरण जरा तेजीत होतं. फेब्रुवारीच्या पंधरा तारखेला बाहेरची समिती येणार होती. सोबती योजना कायम करायची का, आणि विद्यार्थी सेवांसाठी विभागप्रमुखाचं नवं पद काढायचं का, हे ती ठरवणार होती. पद निघालं तर ते कुणाला मिळणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. प्राचार्यांनी बाईंना बोलावून सांगितलंच होतं, "गेल्या वर्षीचे चौऱ्याण्णव टक्के नीट मांडा, बाकी मी बघतो." टंकलेखक म्हणून लागलेली बाई विभागप्रमुख होऊन निवृत्त होणार! नवऱ्याने तर दारावरच्या पाटीचा मजकूरसुद्धा मनात जुळवून ठेवला होता.

एका रविवारी सकाळी बाईंनी यादी लिहिली. साखर, साबण, बटाटे, एक बल्ब. कागद फाडून अण्णांच्या समोर ठेवला, कारण वाण्याला फोन करायचं काम अण्णांचं. अण्णांनी यादी वाचली आणि सवयीने कागद उलटा केला.

"सूनबाई, हा दोनशे सतरा कोण?"

"कोण दोनशे सतरा?"

"हे काय, इथे छापलंय. रोल नंबर दोनशे सतरा. याने तर काहीच भरलं नाही."

"तो उरलेला फॉर्म आहे अण्णा. तुम्ही यादी सांगा ना त्याला, दुकानात गर्दी होईल."

"उरलेला म्हणजे?"

"म्हणजे कुणी न्यायला आलं नाही. दरवर्षी उरतात."

अण्णांनी चष्मा काढून पुसला. आता काहीतरी निघणार, हे बाईंना कळलं. "नंबर घालून छापलाय म्हणजे कुणाच्या तरी नावाचा आहे ना गं? आमच्याकडे पत्ता असलेल्या पाकिटाला उरलेलं म्हणायची सोय नव्हती. ते पोचलेलं नाही, असं लिहावं लागायचं. आणि का पोचलं नाही, तेही."

"अण्णा, हे टपाल नाही."

"नसेल बुवा," असं म्हणून अण्णांनी वाण्याला फोन लावला.

बाईंनी विषय तिथेच सोडला असता. पण मोजणाऱ्या माणसाच्या डोक्यात आकडा एकदा शिरला की तो खड्यासारखा टोचत राहतो. भांडी घासताना त्यांच्या मनात आलं, पहिल्या वर्षाला गेल्या साली मुलं सहाशे बारा. फॉर्म आले पाचशे एकोणसाठ. मग चौऱ्याण्णव टक्के कशाचे? सहाशे बाराचे की पाचशे एकोणसाठचे? अहवालात तर त्यांनी दहा वर्षं लिहिलं होतं, 'प्रतिसाद शंभर टक्के'. परीक्षेला बसलेल्यांचा शंभर टक्के! जी मुलं कॉलेज सोडून गेली ती हॉलतिकीट न्यायला कशाला येतील? आणि सोबतीचा उपयोग झाला की नाही हे ज्यांना सगळ्यात आधी विचारायचं, ती नेमकी तीच मुलं. त्यांचे कोरे कागद खिळ्याला लटकत होते आणि बाई गावभर शंभर टक्क्यांची युक्ती सांगत फिरत होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

सोमवारी बाईंनी परीक्षा विभागातून न नेलेल्या त्रेपन्न हॉलतिकिटांची यादी मागवली, प्रवेशाच्या फायलींतून फोन नंबर काढले आणि जेवणाच्या सुट्टीत फोन करायला बसल्या.

फोनचं काम काही सोपं नव्हतं. चौदा नंबर बंद. एका वडिलांनी बाईंना विमा विकणारी समजून दोन शब्द सुनावले. एक मुलगा दुसऱ्या कॉलेजात मजेत होता. "तुमच्यापेक्षा इथलं कॅन्टीन बरं आहे मॅडम," म्हणाला. बाईंनी तेही लिहून घेतलं. एकीचं लग्न झालं होतं आणि ती सुखात होती. एकाला मुळात शिकायचंच नव्हतं, आईने ढकललं म्हणून आला होता. हे सगळं ऐकून बाईंना जरा हायसं वाटत होतं. पण एक उत्तर परत परत येत होतं. "सोबती कोण होता तुमचा?" असं विचारलं की पलीकडून, "कसला सोबती?"

चौथ्या दिवशी त्यांनी त्रेपन्न फायली टेबलावर मांडल्या. प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर प्रवेशाच्या तारखेचा शिक्का असतो. तारखांप्रमाणे लावल्यावर घोडं कुठे पेंड खातं ते दिसलं. त्रेपन्नातली अडतीस मुलं प्रवेशाच्या तिसऱ्या यादीतली होती. तिसरी यादी लागते कॉलेज सुरू झाल्यावर दहा दिवसांनी. आणि सोबत्यांचं वाटप होतं पहिल्या शनिवारी, त्यानंतर बंद. हा नियम बाईंचाच. एकदा वाटपाची यादी बाहेर लावली की त्यात खाडाखोड नको, मोजायला सोपं जातं.

तिसऱ्या यादीतून एकूण आली होती चौसष्ट मुलं. त्यातली अडतीस गेली. बाकीच्या पाचशे अठ्ठेचाळीसमधून गेली फक्त पंधरा. बाईंनी हा हिशेब तीनदा केला. मग त्यांना आणखी एक गोष्ट सुचली, आणि सुचली नसती तर बरं झालं असतं. चौसष्टांतली जी सव्वीस टिकली त्यांचे भरलेले फॉर्म त्यांनी कपाटातून काढले. ज्यांना सोबती कधी मिळालाच नाही अशा या सव्वीसांतल्या बावीसांनी, 'तुमच्या सोबत्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?' या प्रश्नापुढे 'अतिशय' वर बरोबरची खूण केली होती. हॉलतिकीट हवं होतं बिचाऱ्यांना.

बाई खुर्चीत मागे टेकल्या. हसावं की रडावं हे त्यांना कळेना. कॅन्टीनवाल्याचे एकतीस टक्के मात्र शंभर नंबरी खरे असणार, असा एक विचार मनात येऊन गेला.

दोनशे सतराचा फोन त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. तो एका मुलीने उचलला. ती आता एका चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचं काम करत होती. आवाज मोकळा, कामातला.

"सोबती? हां, ती योजना. नाही, मला नव्हता. माझा प्रवेश उशिरा झाला ना. सोमवारी आले तर बाहेर यादी लागलेली, माझं नाव नव्हतं. म्हणून आत जाऊन विचारलं."

"मग काय सांगितलं आत?"

"एक बाई फॉर्म मोजत होत्या. अंगठ्याला हिरवं रबर घातलं होतं त्यांनी, ते अजून लक्षात आहे. त्या मोजता मोजताच म्हणाल्या, वाटप शनिवारी झालं, आता नाही मिळणार. मी जरा वेळ उभी राहिले. आमचा वर्ग कुठे भरतो एवढंच विचारायचं होतं. पण म्हटलं मध्ये बोललं तर त्यांचा आकडा चुकेल. म्हणून आले बाहेर."

बाईंच्या हातातलं पेन तसंच राहिलं. त्यांना तो सोमवार आठवेना, ती मुलगी आठवेना. असे किती सोमवार होते आणि अशा किती मुली. पण लपवून ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"ती बाई मीच," त्या म्हणाल्या.

पलीकडे ती मुलगी एकदम ओशाळली, जणू चूक तिचीच होती. "अय्या, तुम्ही का! अहो तुमचं काही नाही मॅडम, तुम्ही कामात होतात. बरं झालं विचारलं नाही, तुमचा आकडा चुकला असता."

तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर बाईंना परवडलं असतं. फोन ठेवल्यावर त्या बराच वेळ त्या हिरव्या टोपीकडे बघत बसल्या. मग ती खणात टाकली.

प्राचार्य माणूस वाईट नव्हता. त्यांनी नवे आकडे बघितले, चष्मा कपाळावर चढवला आणि त्यांचा चेहरा चक्क खुलला. "अहो बाई, हे तर चौऱ्याण्णवपेक्षा भारी आहे! सोबती मिळाला ती मुलं टिकली, नाही मिळाला ती गेली. योजना चालते याचा यापेक्षा पुरावा काय पाहिजे?"

"सर, तसं सरळ म्हणता येत नाही. उशिरा आलेल्यांच्या अडचणी वेगळ्या असतात. कुणी लांबून आलेलं असतं, कुणाला राहायला जागा मिळालेली नसते. सगळं सोबत्यावर ढकलता येणार नाही."

"ते बारीक अक्षरात टाका."

"आणि योजना चालते हे कळायला अडतीस मुलं गेली, ते?"

प्राचार्यांनी चष्मा खाली घेतला. "समितीने विचारलंय का ते? बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. चौऱ्याण्णव मांडा, पद पदरात पाडून घ्या, आणि पुढच्या वर्षापासून दुरुस्ती करा. तुमच्या हातात अधिकार आला तर ते मुलांच्याच भल्याचं आहे की नाही?"

यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही, हीच तर पंचाईत होती. बाईंनी दोन रात्री विचार केला. नवऱ्याने काही सुचवलं नाही, फक्त पाटीचा विषय काढायचं थांबवलं. अण्णा एवढंच म्हणाले, "पोचलं नाही ते पोचलं म्हणून लिहायचा मोह मलाही व्हायचा. उन्हाळ्यात तर फार."

पंधरा तारखेला समिती आली. तिघेजण, आणि अध्यक्ष म्हणून एक वयस्क प्राध्यापिका. त्यांची नजर अशी की समोरच्याने आपणहून ताठ बसावं. बाईंचा अहवाल बारा पानांचा होता. चौथ्या पानावर एक वाक्य होतं, 'वाटप पहिल्या शनिवारी बंद करण्याचा नियम आणि फॉर्म हॉलतिकिटाला जोडण्याची पद्धत, दोन्ही प्रस्तुत अहवाल लिहिणारीच्या आहेत.' आणि शेवटी परिशिष्ट म्हणून एकच कागद जोडला होता, दोनशे सतरा नंबरचा कोरा फॉर्म.

अध्यक्षांनी तो हातात घेतला, उलटा केला आणि मोठ्याने वाचलं, "साखर, साबण, बटाटे, एक बल्ब." सभागृहात हशा पिकला. प्राचार्यांनी डोळे मिटून घेतले. "हे काय आहे?"

"ती माझ्या घरची यादी आहे," बाई उभ्या राहून म्हणाल्या. "हे फॉर्म उरलेले म्हणून मी दहा वर्षं घरी नेत होते. मागची बाजू कोरी असते म्हणून. पुढची बाजूही कोरी आहे हे मला गेल्या महिन्यात माझ्या सासऱ्यांनी दाखवलं."

हशा थांबला. अध्यक्षांनी पुढचे दोन तास प्रश्न विचारले, आणि एकाही प्रश्नात दयामाया नव्हती. निघताना मात्र त्यांनी तो कागद परत न देता आपल्या फायलीत ठेवला.

निकाल मार्चमध्ये आला. योजना कायम झाली, पण 'सुधारणा आवश्यक' या शेऱ्यासह. मूल्यमापन ज्याची योजना त्याने करू नये, असा नियमही आला. तो बाईंना मनापासून पटला, आणि तितकाच मनापासून लागलाही, कारण विभागप्रमुखाचं पद क्रीडाशिक्षकांना मिळालं. माणूस चांगला होता, फक्त अहवालाला रिपोर्ट कार्ड म्हणायचा. बाईंकडे त्यांनी सोबती योजना सोपवली. मोजायचं टेबल गेलं. घरी येऊन बाई मोरीत तोंड धुवायला गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. नवऱ्याने चहा केला आणि न विचारता साखर जास्त घातली.

एप्रिलमध्ये बाईंनी एक काम केलं. सोडून गेलेल्या मुलाची जागा कॉलेजात तीन वर्षं राखलेली असते, हा नियम कॉलेजच्या पुस्तिकेत सत्तेचाळिसाव्या पानावर होता. तो सोडून गेलेल्यांपैकी कुणालाही माहीत नव्हता. बाईंनी अडतीस पत्रं लिहिली. त्यात तो नियम, सोबती न दिल्याची चूक कार्यालयाची होती हे सरळ शब्दांत, आणि सोबत एक नवा फॉर्म. पाकिटांवरचे पत्ते अण्णांनी घातले. "चाळीस वर्षं दुसऱ्यांचं अक्षर वाचलं," ते म्हणाले, "आता माझं वाचू दे कुणाला तरी." गुडघ्यांची कुरकुर न ऐकता पेटीत टाकायलाही स्वतः गेले.

अडतिसांतली नऊ मुलं जूनमध्ये परत आली. दोनशे सतरा त्यांत नव्हती. यादी लागली त्या शनिवारीही नाही, आणि पुढच्या सोमवारीही नाही. आता वाटप शेवटच्या प्रवेशापर्यंत चालू असे, आणि दार वाजलं की बाई हातातलं खाली ठेवून वर बघत. दरवेळी त्यांना वाटे, ही ती असेल. मग ती दुसरीच कुणी असे, आणि तिलाही सोबती हवा असे.

जुलैत पाकीट आलं. आत फॉर्म होता, पेनाने भरलेला, नीट अक्षरात. वर रोल नंबर, दोनशे सतरा. पहिल्या पाच प्रश्नांपुढे तिने 'लागू नाही' असं लिहिलं होतं. शेवटचा प्रश्न होता, 'आणखी काही सांगायचे आहे का?' त्याखाली लिहिलं होतं:

'पत्र मिळालं. मी परत येत नाही, इथे माझं बरं चाललंय. पण नवीन मुलांचे वर्ग कुठे भरतात ते जिन्याखाली मोठ्या अक्षरात लिहून लावा. मला माझा वर्ग तीन दिवस सापडला नव्हता.'

बाईंनी त्याच दुपारी रंगवणाऱ्याला बोलावलं आणि अक्षरं केवढी हवीत ते हाताने दाखवलं. संध्याकाळी घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "दोनशे सतराचं काही?"

"आलं अण्णा, उत्तर आलं."

"दाखव बघू." अण्णांनी हात पुढे केला, त्यांना तो दोन्ही बाजूंनी वाचायचा होता.

"नाही आणला घरी," बाई म्हणाल्या. "कॉलेजात फायलीला लावलाय."